प्रोसेसर मधला घ्या, यूपीएस मोठा घ्या

प्रश्न : मी शाहूपुरीत तळमजल्यावर राहते. तीन-चार कारखान्यांचे हिशेब घरून बघते आणि काही वर्षांपासून शेअर बाजारात स्वतः व्यवहार करते. बहुतेक शेअर काही आठवडे धरून ठेवते, मंगळवारी निफ्टीच्या ऑप्शनमध्ये (ठरलेल्या मुदतीच्या करारांत) थोडं काम करते. अ‍ॅमीब्रोकर हे चार्टचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये सात-आठ चार्ट, एक्सेल आणि टॅली हे सगळं एकदम उघडं असतं. लॅपटॉप २०१७ चा आहे, आय३ आणि ८ जीबी रॅमचा. एक्सपायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपते त्या दिवशी तो असा अडकतो की माउस हलवला तरी बाण जागेवरच. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो घरीच मशीन जुळवू. दुकानातून कोटेशन आणलं : आय९-१४९००के, ६४ जीबी रॅम, मोठं ग्राफिक कार्ड, पाण्याचा कूलर आणि चार स्क्रीन मिळून १ लाख ९० हजार. भाचा म्हणतो इंटेल नको, एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांतला एक्स३डी घे. माझ्याकडे बाजूला काढलेले ९५ हजार आहेत. उरलेले ट्रेडिंगच्या भांडवलातून काढू का? आणि इंटेल घेऊ की एएमडी? घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे वेगळा यूपीएस लागणार नाही असं धरलंय.
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर :

ताई, भांडवलाला हात लावू नका. तुमचं काम ९५ हजारांत नीट बसतं. कोटेशनमधल्या ज्या वस्तूंनी आकडा दुप्पट केलाय, त्यातल्या बऱ्याच तुमच्या कामाला लागतच नाहीत. आणि जी एक वस्तू खरंच लागते, ती त्या कोटेशनमध्ये नाहीच आणि तुम्हीही ती यादीतून काढलीय. त्याबद्दल पुढं सविस्तर लिहितो.

आधी तुमचं मशीन नेमकं कुठं अडतंय ते बघू. येत्या मंगळवारी सकाळी नऊच्या आत लॅपटॉपवर रोजचं सगळं उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर येतो. त्यातलं परफॉर्मन्सचं पान समोर ठेवा आणि सव्वानऊला बाजार उघडला की सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन आकड्यांवर नजर ठेवा. माझा अंदाज असा की मेमरी काठोकाठ भरलेली दिसेल आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल. विंडोज, ब्राउझर, अ‍ॅमीब्रोकर आणि टॅली यांना मिळून ८ जीबी पुरत नाही. रॅम भरली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर नेऊन ठेवतं आणि तुम्ही टॅब बदलला की तिथून परत उचलून आणतं. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये फिरती हार्डडिस्क असायची, आणि ती या ने-आणीत पार दमते. बाण जागेवरच थांबण्याचं कारण बहुधा हेच आहे. म्हणजे प्रोसेसर कमी पडतोय असं वाटत असलं तरी दुखणं रॅमचं आणि डिस्कचं आहे. अंदाज चुकला आणि सीपीयूच शंभराला टेकलेला दिसला, तरी माझा सल्ला बदलत नाही, कारण आजचा मधल्या दर्जाचा प्रोसेसर त्या आय३ च्या कितीतरी पुढं गेलाय.

आता वेगाचा विषय. महाग प्रोसेसर घेतला की ऑर्डर लवकर लागते, हा समज फार पसरलाय. दुकानदारही तो खोडून काढत नाहीत. मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो, तेव्हा अडत्याला घरून फोन लावणाऱ्याचा हँडसेट किती महाग आहे यावर भाव ठरत नाही. तुमच्या ऑर्डरचंही तसंच आहे. बटण दाबलं की ती ब्रोकरच्या सर्व्हरवर जाते, तिथं मार्जिन तपासलं जातं, मग ती मुंबईत एनएसईच्या यंत्रणेत पोचते आणि समोरच्या ऑर्डरशी जुळते. तुमच्या टेबलावर यातलं काहीच होत नाही. कोल्हापूर ते मुंबई साधारण पावणेचारशे किलोमीटर. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. केबल रस्त्याच्या अंतराएवढीच आहे असं धरलं तरी जाऊन-येऊन जवळजवळ ४ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात ती वळसे घेते आणि मध्ये उपकरणं लागतात, त्यामुळे वेळ जास्तच लागतो. हा वेळ जगातला कुठलाही प्रोसेसर कमी करू शकत नाही. शिवाय स्क्रीनवर भाव हललेला दिसून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे २५० मिलिसेकंद. मायक्रोसेकंदांची लढाई लढणाऱ्या संस्था त्यांचे सर्व्हर एक्स्चेंजच्याच आवारात को-लोकेशनमध्ये ठेवतात. आठवडे-आठवडे शेअर धरून ठेवणाऱ्या माणसाला त्या लढाईशी काही देणंघेणं नाही.

मग तुमच्या घरातला प्रोसेसर करतो काय? येणारे भाव घेऊन चार्ट काढतो, इंडिकेटर मोजतो, एक्सेलमधली सूत्रं पुन्हा-पुन्हा सोडवतो. ब्राउझरमधला एक चार्ट मुख्यतः एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच गणन-भागावर चालतो. त्यामुळे चोवीस कोअर असले तरी त्या एका चार्टला त्यांचा उपयोग होत नाही. प्रत्येक कोअर चपळ हवा आणि असे सहा असले की तुमचे सात-आठ चार्ट, अ‍ॅमीब्रोकर आणि टॅली एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

बॅकटेस्टसाठी, म्हणजे जुन्या भावांवर पद्धत तपासून बघायला मोठं मशीन लागतं असंही तुम्हाला सांगितलं असेल. तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, तेव्हा इथंही हिशेबच करू. निफ्टीतले ५० शेअर, वर्षाचे सुमारे २५० दिवस आणि १० वर्षं धरली तर रोजच्या कँडलच्या (दिवसभराच्या भावांच्या नोंदीच्या) १ लाख २५ हजार ओळी होतात. एका ओळीत सहा आकडे आणि एका आकड्याला ८ बाइट, म्हणजे सगळा डेटा ६ एमबी. मोबाईलवरच्या दोन-तीन फोटोंएवढा. एक-एक मिनिटाचा डेटा घेतला तर गोष्ट बदलते. सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे दिवसाला ३७५ मिनिटं, त्यामुळे ओळी पावणेपाच कोटींच्या आसपास जातात आणि डेटा सव्वादोन जीबीच्या घरात. पण तिथंही आधी लागते ती पुरेशी रॅम आणि चांगली एसएसडी. तुमच्यासारखं आठवड्यांच्या हिशेबानं काम करणाऱ्याला रोजच्या कँडल पुरतात, आणि त्यांची चाचणी सहा कोअरवर चहा व्हायच्या आत होते.

म्हणून आय९-१४९००के नको. त्यात ८ मोठे आणि १६ छोटे असे २४ कोअर आहेत, आणि पूर्ण जोरात चालला की तो २५३ वॉटपर्यंत वीज ओढतो. त्याच्यासाठी पाण्याचा कूलर लागतो, मोठा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) लागतो, महाग बोर्ड लागतो आणि त्या हिशेबानं यूपीएसही वाढवावा लागतो. कोटेशन फुगायला सुरुवात झाली ती इथूनच. शिवाय इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या दर्जाच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा दोष निघाला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलनं त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आय९-१४९००के त्याच यादीत आहे. दुरुस्तीनंतर तो चालतो, पण ज्या मशीनवर तुमची पोझिशन (अजून न मिटवलेला व्यवहार) उघडी असते तिथं ही भानगड ओढवून घ्यायचं कारण नाही.

भाच्याच्या एक्स३डीबद्दल. प्रोसेसर उत्कृष्ट आहे. ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे आणि तिचा फायदा गेममध्ये ठळक दिसतो. चार्ट, एक्सेल आणि टॅलीला तो जवळजवळ दिसणार नाही. भाचा जाणकार आहे, पण तो त्याच्या आवडीचं मशीन सुचवतोय. त्याचं हे ज्ञान जुळवणीच्या दिवशी तुमच्या फार उपयोगी पडेल.

तर इंटेल की एएमडी? तुमच्या कामाला दोन्हीकडचे मधले प्रोसेसर पुरून उरतात. एएमडीचा रायझन ५ ७६०० घ्या किंवा इंटेलचा आय५-१२४००, १३४०० किंवा १४४००. रायझनच्या बाजूने मोठा मुद्दा असा की एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) निदान २०२७ पर्यंत चालू ठेवायचं एएमडीनं जाहीर केलंय, म्हणजे पुढं त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवता येईल. इंटेलच्या या तिन्ही प्रोसेसरांचं सॉकेट चौदाव्या पिढीवर संपलं. पण ताई, तुम्ही एक लॅपटॉप २०१७ पासून आजपर्यंत वापरलात. नुसता प्रोसेसर बदलायची वेळ तुमच्यावर येईल असं मला वाटत नाही, घ्याल तेव्हा सगळंच नवं घ्याल. म्हणून तुमच्यासाठी माझं मत आय५ ला, बी७६० चिपसेटच्या बोर्डासह. तिघांपैकी जो पेटीबंद, पक्क्या बिलासह आणि बऱ्या भावात मिळेल तो घ्या. १२४०० मध्ये ६ कोअर आहेत, पुढच्या दोघांत ६ मोठे आणि ४ छोटे, आणि अस्थिरतेच्या त्या यादीत यातला एकही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडं रायझन स्वस्त बसत असेल आणि तो मागं उभा राहणारा असेल तर बेलाशक रायझन घ्या. दोन्हीबरोबर पेटीत येणारा साधा कूलर तुमच्या कामाला पुरतो.

एक अक्षर मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. इंटेलच्या नंबरापुढं ‘एफ’ असेल, जसं १२४००एफ, तर त्या प्रोसेसरमध्ये डिस्प्लेची सोय नसते आणि बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयला स्क्रीन लावली तर ती काळीच राहते. हजार-दोन हजार वाचतात म्हणून तो गळ्यात मारला जातो आणि मग वेगळं ग्राफिक कार्ड घ्यावं लागतं. तुम्हाला एफ नसलेलाच हवा.

कारण तुम्हाला ग्राफिक कार्डाची गरजच नाही. चार्टच्या रेघा काढायला प्रोसेसरमधली सोय भरपूर आहे. कार्ड लागतं ते जास्त स्क्रीन जोडायला. तिथं मी तुम्हाला वेगळा मार्ग सुचवतो. चार साध्या २४ इंची स्क्रीनऐवजी २७ इंची, १४४०पी रिझोल्यूशनच्या दोन घ्या. अशा एका स्क्रीनवर साध्या १०८०पीच्या पावणेदोन पट पिक्सेल असतात, म्हणजे दोन स्क्रीनवर साडेतीन स्क्रीनचा मजकूर मावतो. त्या दोन्ही बोर्डाच्या एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टवर थेट चालतात. मानही सारखी वळवावी लागत नाही. एवढंच की अक्षर थोडं बारीक दिसतं. त्यामुळे दुकानात समोर बसून एक्सेल उघडा, तुमचा रोजचा चष्मा लावा आणि मगच ठरवा. अक्षर नाही झेपलं तर २४ इंचीच्या तीन घ्या आणि बोर्ड घेताना मागं तीन चांगली डिस्प्ले सॉकेट आहेत ना ते मोजा. पुढं कधी चौथी स्क्रीन लागलीच तर एनव्हिडियाचं टी४०० सारखं छोटं कार्ड बघा. त्याला तीन मिनी-डिस्प्लेपोर्ट आहेत आणि ते ३० वॉटमध्ये चालतं. यूएसबीवरून स्क्रीन जोडायचे अ‍ॅडॉप्टर टाळा, त्यातले बरेचसे चित्र दाबून पाठवायचं काम प्रोसेसरवरच टाकतात.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून भडकलेत, म्हणून ६४ जीबीचा हट्ट आत्ता महागात पडेल. ३२ बसली तर उत्तम. नाही बसली तर १६ जीबीची एकच पट्टी घ्या, शेजारची खाच मोकळी ठेवा आणि भाव उतरल्यावर तशीच दुसरी घाला. तुमच्या आत्ताच्या ८ जीबीतून १६ वर गेलात तरी फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. एसएसडी एनव्हीएमई प्रकारची, ५०० जीबीची पुरे, टॅलीचा बॅकअप मात्र बाहेरच्या डिस्कवर रोज घेत चला. एसएमपीएस ४५० ते ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा, नामांकित कंपनीचा. कॅबिनेट कसलंही चालेल, फक्त पुढच्या पंख्यांना जाळी असलेलं बघा म्हणजे धूळ आत जात नाही.

आता ती वस्तू, जी यादीत नाही. इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको हे गणित मला पटत नाही. मेन लाईट गेल्यावर इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला जो क्षण लागतो त्यात दिवा फक्त लुकलुकतो, पण संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असतं, त्यानं हा वेळ कमी होतो. ते कुठं आहे ते बघून चालू करा. दुसरी अडचण लहरीची. साध्या इन्व्हर्टरमधून आणि स्वस्त यूपीएसमधून चौकोनी लहर निघते, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढायची सोय) असलेले काही एसएमपीएस अशा लहरीवर बदलताना बंद पडतात. तुमचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का ते त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं.

माझा आग्रह असा की संगणक, एक स्क्रीन आणि राउटर या तिघांसाठी १००० ते ११०० व्हीएचा वेगळा यूपीएस घ्या. तुमचं मशीन चार्ट दाखवताना शंभर वॉटच्या आसपास घेईल, एक स्क्रीन पंचवीस-तीस. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी म्हणजे ८४ वॉट-अवर. कागदावर ही अर्ध्या तासाहून थोडी जास्त चालते, पण एकदम जास्त विद्युतभार घेतला की बॅटरी पूर्ण देत नाही आणि रूपांतरातही वीज जाते, म्हणून हातात त्याच्या निम्मंच धरा. दोन बॅटऱ्यांचा यूपीएस मिळाला तर वेळ दुपटीहून थोडा जास्तच मिळतो. तेवढ्यात इन्व्हर्टर स्थिरावतो किंवा तुम्ही पोझिशन शांतपणे बंद करता. कोटेशनमधल्या पाण्याच्या कूलरच्या पैशांत हा यूपीएस येतो, आणि तुमचे पैसे वाचवायचं काम तो करेल. राउटर त्याच्यावर लावायला विसरू नका. मशीन चालू आणि नेट बंद अशी अवस्था एक्सपायरीच्या दुपारी फार वाईट.

त्याहून महत्त्वाची गोष्ट फुकट आहे, आणि ती प्रत्येक ट्रेडरनं समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. तुमचा स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला ठरवलेला भाव, कुठं राहतो? ब्रोकरच्या टर्मिनलवरून घातलेली स्टॉपलॉस ऑर्डर एक्स्चेंजकडं नोंदलेली असते. जीटीटी ऑर्डर (ठरलेला भाव आला की लागणारी) ब्रोकरच्या सर्व्हरवर असते. शाहूपुरीतली लाईट गेली, संगणक जळाला, तरी त्या दोन्ही जागच्या जागी उभ्या असतात. पण अ‍ॅमीब्रोकरमध्ये लावलेला अलर्ट, एक्सेलमधला लाल होणारा रकाना आणि ‘तिथं आला की विकेन’ हा मनातला आकडा, हे तिन्ही तुमच्या मशीनबरोबर किंवा तुमच्याबरोबरच बंद पडतात. ऑप्शनची पोझिशन घेतल्या-घेतल्या तिचा स्टॉपलॉस एक्स्चेंजवर घाला. मोबाईलवर ब्रोकरचं अ‍ॅप लॉगिन केलेलं ठेवा, सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं असावं, आणि ब्रोकरच्या कॉल-अँड-ट्रेडचा नंबर कागदावर लिहून स्क्रीनजवळ चिकटवा. आणि मशीनला नेट वायफायवरून न देता लॅन केबलनं द्या.

शाहूपुरीत तळमजला म्हटल्यावर पुराचं बोलणं भाग आहे. २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते तुम्ही पाहिलंय. कॅबिनेट आणि यूपीएस जमिनीवर ठेवू नका, टेबलावर किंवा भिंतीच्या फळीवर ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला पोचली आणि पाऊस थांबायचं नाव घेत नसेल, तर ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीची वाट न बघता ऑप्शनच्या पोझिशन बंद करा आणि मशीन वरच्या मजल्यावर न्या. त्या दिवसांत लाईट आणि मोबाईलचं नेटवर्क दोन्ही कधी जातील याचा भरवसा नसतो. वळवाच्या गडगडाटात तर बाजार बंद झाल्यावर प्लग काढूनच ठेवत चला, राउटरच्या अ‍ॅडॉप्टरसकट. आणि मशीन बसवायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा दिसला तर आधी ते दुरुस्त करा.

भांडवलातून पैसे काढू का, असं विचारलंत. नको म्हणण्याचं कारण नुसतं काटकसरीचं नाही. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात दिसले, आणि त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त होता. महागडं मशीन घेतलं की त्याचा खर्च भरून काढायला मंगळवारच्या व्यवहाराचा आकार नकळत वाढतो. तुमची आठवडे धरून ठेवायची पद्धत चांगली चाललेली दिसते. तिला भांडवल लागतं, ते तिथंच राहू द्या. राहिला घसारा, तर संगणकावर ४० टक्के आणि वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर निम्मा, हे तुम्हाला सांगायला नकोच. व्यवसायाच्या हिशेबात बसत असेल तर बिल त्या दृष्टीनं नीट घ्या.

घरी जुळवायला माझी पूर्ण संमती आहे. भाच्याला एक निवांत शनिवार द्या. फक्त खरेदी शक्यतो राजारामपुरीतल्या किंवा तुमच्या ओळखीच्या एकाच दुकानातून करा, जीएसटीच्या बिलावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून घ्या. ऑनलाइन पाच-सातशे वाचतील, पण बोर्ड बंद पडला तर तो बदलून मिळेपर्यंत तुम्ही कशावर काम करणार? ओळखीचा दुकानदार चार दिवसांसाठी दुसरा बोर्ड देतो. प्रोसेसर पेटीतलाच घ्या. सुटा, ट्रेमधला म्हणून स्वस्त मिळतो, पण त्याला पेटीतल्या मालासारखी कंपनीची थेट वॉरंटी मिळत नाही.

जुळवताना सगळ्यात नाजूक काम सॉकेटचं. इंटेलच्या या बोर्डावर आणि एएम५ वरही पिना बोर्डात असतात. प्रोसेसर वरून सरळ ठेवायचा, दाबायचा नाही. एक पिन वाकली तर बोर्डाची वॉरंटी जाते. कूलरखालचं प्लॅस्टिक काढायला बरेच जण विसरतात. कॅबिनेटमध्ये बोर्डाखालचे पितळी उंचवटे बोर्डाच्या भोकांशी जुळतात का ते आधी बघा. रायझन आणि डीडीआर५ घेतलंत तर पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, तेव्हा मशीन रॅमची जुळणी करत असतं. घाबरून बंद करू नका. बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) नव्या आवृत्तीचं करून घ्या, रॅम तपासणारं मेमटेस्ट ८६ रात्रभर चालवा आणि त्यात एकही चूक दिसली तर रॅम बदलून घ्या. ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जोरात पळवायचा मोह भाच्याला झालाच तर त्याला प्रेमानं थांबवा.

जुना लॅपटॉप फेकू नका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सातव्या पिढीचा आय३ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणून त्या विंडोजवर ब्रोकरचं लॉगिन करू नका. पण आत एक छोटी एसएसडी घालून भाच्याकडून लिनक्स बसवून घेतलंत तर ब्राउझरमधलं टर्मिनल त्यावर चालतं. नवं मशीन रुसलं त्या दिवशी तो हाताशी असेल, आणि त्याच्यात स्वतःची बॅटरीही आहे.

सगळं लागल्यावर पहिल्या रविवारी, बाजार बंद असताना, इन्व्हर्टर बंद ठेवून घराचा मेन स्विच पाडा. संगणक, एक स्क्रीन आणि राउटर यूपीएसवर किती मिनिटं टिकतात ते घड्याळ लावून मोजा. मग इन्व्हर्टर चालू ठेवून पुन्हा स्विच पाडा आणि तो मध्ये येतो तेव्हा मशीन रीस्टार्ट होतं का ते बघा. यूपीएसवर मिळालेल्या मिनिटांतून पाच वजा करा आणि तो आकडा कागदावर लिहून यूपीएसवर चिकटवा. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा, कारण बॅटरी हळूहळू उतरते.